वर्गणीचं नागरिकशास्त्र

(चंडीगड येथील मराठी मंडळींच्या व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शिक्षक होते आणि मंडळाची पावतीपुस्तकं तेच सांभाळत, असं मला कार्यकर्त्यांनी सांगितलं. गणपतीची वर्गणी मागायला ते स्वतः या सेक्टरमधून त्या सेक्टरमध्ये हिंडत, आणि दहा रुपये देणाऱ्यालाही पावती फाडून दिल्याशिवाय उठत नसत. हे ऐकलं आणि आजचा विषय ठरून गेला.

समाजकार्याचा इतिहास सांगताना आपण मोठ्या दात्यांची नावं घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण एखाद्या प्रदेशाचं सार्वजनिक जीवन मजबूत आहे की नाही, हे दात्यांच्या रकमांवरून कळत नाही. देणारी माणसं एकमेकांशी किती बांधलेली आहेत, ज्याच्यासाठी दिलं जातं त्याला त्या बांधणीत जागा आहे का, आणि तिथे उघडपणे हिशेब विचारता येतो का, यावरून ते कळतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते पारखून पाहायला चंडीगडसारखं दुसरं शहर नाही.

असं का, ते सांगतो. हे शहर सरकारने वसवलं. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी सेक्टर आखले गेले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी शहराचं उद्घाटन केलं. ल कार्बुझिए यांनी रस्त्यांची सात प्रकारांत विभागणी केली, कुठे बाजार, कुठे शाळा, कुठे हिरवळ, सगळं ठरवून दिलं. पण आखलेल्या जागेत नागरी जीवन आपोआप उगवत नाही. त्या जागांवर येऊन बसणाऱ्या अनेक संस्था आधीच घडलेल्या होत्या. त्या लाहोरहून आल्या होत्या, आणि येताना त्यांच्याजवळ इमारती नव्हत्या.

पहिलं उदाहरण 'ट्रिब्यून'चं. १८८१ हे साल मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत पुण्यात 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. पुढच्याच महिन्यात, २ फेब्रुवारीला, लाहोरमध्ये सरदार दयालसिंह मजिठिया यांनी 'द ट्रिब्यून' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. मजिठिया मोठे जमीनदार, ब्राह्मो विचारांचे. पंजाब नॅशनल बँक उभी करणाऱ्यांतही ते होते. १८९५ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं आणि आपली मालमत्ता मुख्यतः तीन कामांसाठी विश्वस्तांकडे सोपवली : वर्तमानपत्र, कॉलेज आणि वाचनालय. १८९८ मध्ये ते वारले. मृत्युपत्राला आव्हान मिळालं, खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि विश्वस्तांच्या बाजूने निकाल लागला. १९१० साली लाहोरला दयालसिंह कॉलेज उघडलं, पुढे वाचनालयही झालं.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये लाहोरातला छापखाना सुटला. २५ सप्टेंबरला 'ट्रिब्यून' सिमल्याहून निघाला, १९४८ मध्ये अंबाल्याला गेला आणि २५ जून १९६९ पासून चंडीगडला स्थिरावला. १५ ऑगस्ट १९७८ रोजी त्याच ट्रस्टने हिंदी आणि पंजाबी भावंडं सुरू केली. दयालसिंहांच्या नावाची कॉलेजं कर्नाल आणि दिल्लीत पुन्हा उभी राहिली. लाहोरचं वाचनालयही मागे राहिलं तरी बंद पडलं नाही, तिथे ते आजही चालू आहे. इमारती, यंत्रं, जमीन एका रात्रीत परक्या देशात गेली आणि तरी संस्था मेल्या नाहीत. विश्वस्त मंडळ शाबूत होतं, वाचक शाबूत होते, हे काम आपलं आहे असं मानणारी माणसं निर्वासितांच्या छावणीतही एकमेकांना शोधत होती. निर्वासितांच्या गाड्यांतून आलेली सगळ्यांत मोलाची ठेव ही होती.

दुसरं उदाहरण सेक्टर १५ मधल्या लजपतराय भवनाचं. लाला लजपतराय यांनी १९२१ मध्ये लाहोरला लोक सेवक मंडल स्थापन केलं. थोड्या निर्वाहवेतनावर जन्मभर देशकार्य करणारे आजीव सदस्य, ही त्याची घडण. लालबहादूर शास्त्री त्यांपैकीच एक. पुण्याच्या माणसाला ही घडण लगेच ओळखू येईल. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज काढला तो याच तत्त्वावर, आणि त्याच वर्षी गोखले आणि लजपतराय हिंदुस्थानची बाजू मांडायला बरोबरीने इंग्लंडला गेले होते. लालाजींनी आपल्या पुस्तकांतून लाहोरला द्वारकादास वाचनालय उभारलं. भगतसिंग आणि त्यांचे सोबती तिथे बसून वाचत. फाळणीनंतर त्यातली जी पुस्तकं वाचली ती इकडे आणली गेली, आणि द्वारकादास वाचनालय आज याच भवनात आहे. ज्यांना जुनी पुस्तकं हाताळायची सवय आहे, त्यांनी एकदा तरी तिथे जाऊन यावं.

आता मी मोठ्या नावांकडून पिठाच्या मडक्याकडे येतो.

१८८६ मध्ये लाहोरला आर्य समाजाची दयानंद अँग्लो-वैदिक शाळा निघाली. आर्य समाजाची स्थापना मुंबईची, १८७५ ची, आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने स्वामी दयानंदांची व्याख्यानं पुण्यात झाली. पण या विचाराने मूळ धरलं पंजाबात. लाला हंसराज हे शाळेचे पहिले मुख्याध्यापक. त्यांनी पगार घेतला नाही. त्यांचे थोरले बंधू मुल्कराज नोकरीत होते, ते आपला अर्धा पगार धाकट्या भावाच्या संसाराला देत. इतकी मोठी शिक्षणसंस्था एका घराच्या अर्ध्या पगारावर उभी राहत नाही, हे उघड आहे. म्हणून आटा फंड निघाला. घरातली बाई रोज कणीक मळायला घेताना एक मूठ पीठ वेगळ्या भांड्यात टाकी, ठरलेल्या दिवशी स्वयंसेवक येऊन ते घेऊन जाई, विक्रीचे पैसे संस्थेकडे जात. रद्दी फंडही होता. घरातले जुने कागद गोळा करून विकायचे.

हे ऐकताना आपल्याला साताऱ्याची आठवण होणार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांचा मुष्टिफंड याच जातीचा : जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं, हे महाराष्ट्राला पाठ आहे. हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी तर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आजही मागायला येतो. पंजाब आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे गरीब घरानेही संस्था चालवली ती या मुठीच्या हिशेबाने.

त्या मुठीची किंमत पैशात थोडी होती, पण तिने जे केलं ते एका धनिकाच्या चेकने होत नाही. रोज मूठ टाकणाऱ्या बाईला शाळेबद्दल बोलायचा हक्क आला. आपल्या पिठावर चालणारी शाळा मुलींना का घेत नाही, असं ती विचारू शकत होती, आणि जालंधरला लाला देवराज यांच्या पुढाकाराने कन्या महाविद्यालय उभं राहिलं ते याच वातावरणात, अनेक विरोध झेलून. स्वयंसेवक दर आठवड्याला शंभर उंबरे झिजवत असे, त्यामुळे कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा मुलगा शाळेतून काढला गेला, हे संस्थेला कळत असे. पीठ घेऊन जाणारा माणूस गावाची खबर घेऊन जात होता. सार्वजनिक जीवन म्हणतात ते हेच.

एक अवघड गोष्टही इथेच बोलली पाहिजे. अशी जाळी बहुतेक वेळा आपल्या आपल्या समाजापुरती विणली जातात. आर्यसमाजी, सनातनी, खालसा, ब्राह्मो, प्रत्येकाची कॉलेजं वेगळी आणि वर्गणी वेगळी. चंडीगडच्या सेक्टरांतून फिरताना कॉलेजांच्या नावांवरून हा वारसा अजूनही वाचता येतो. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, कारण त्या काळी त्याशिवाय मुलं शहरात राहूच शकत नव्हती. पण त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊरावांनी साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजींनी ते वसतिगृह पाहिलं आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. समाजापुरत्या जाळ्याची परीक्षा हीच : ते पुढच्या पिढीत आपल्याबाहेरच्या माणसासाठी पान वाढतं का? पंजाबच्या बाबतीत उत्तर बरंच आशादायक आहे. ज्या कॉलेजांना एकेका पंथाच्या वर्गणीने जन्म दिला, त्यांच्या वर्गांत आज सगळ्यांची मुलं बसतात.

आता लाहोर सोडून या शहराने स्वतः घडवलेल्या जाळ्याकडे येऊ. ते पैशाचं नाही, रक्ताचं आहे.

पीजीआय, म्हणजे इथली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, १९६२ मध्ये सुरू झाली. मोठ्या शस्त्रक्रिया होणार म्हणजे रक्त लागणार. त्या काळी देशभर रक्त यायचं ते मुख्यतः विकणाऱ्यांकडून. पोटासाठी महिन्यात अनेकदा रक्त विकणारा रिक्षावाला, मजूर, व्यसनात अडकलेला माणूस, आणि मधला दलाल. देणाऱ्याचं शरीर खंगत असे आणि घेणाऱ्याला रक्ताबरोबर आजारही मिळत. १९६४ मध्ये श्रीमती कांता सरूप कृष्ण यांच्या पुढाकाराने इथे ब्लड बँक सोसायटी स्थापन झाली. पीजीआयमधले रक्तसंक्रमणशास्त्राचे अध्वर्यू डॉ. जे. जी. जॉली हे त्यांचे साथी. त्यांनी कॉलेजं, कारखाने, कचेऱ्या, गुरुद्वारे, मंदिरं पालथी घातली. रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, पौरुष जातं, या समजुती घालवायच्या होत्या. त्यासाठी सभेत भाषण देऊन भागत नाही. ओळखीचा एक जण खाटेवर आडवा होतो, दहा मिनिटांनी उठून चहा-बिस्कीट घेतो आणि दुपारी कामावर हजर असतो, हे शेजारच्याने डोळ्यांनी पाहावं लागतं.

१९७१ मध्ये या दोघांच्या नेतृत्वाखाली भारतीय रक्तसंक्रमण आणि प्रतिकाररक्तशास्त्र संस्था उभी राहिली. तिच्या पुढाकाराने १९७५ पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन पाळला जातो. पुढे 'कॉमन कॉज' या संस्थेच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्ताची विक्री बंद झाली. कोर्टाला असा आदेश देता आला, कारण विकत घेतल्याशिवायही रक्तपेढी चालते हे चंडीगडसारख्या शहरांनी तीस वर्षं चालवून दाखवलं होतं. प्रादेशिक जाळ्याचं हे सर्वांत मोठं काम मला वाटतं. एका शहरातल्या लोकांनी स्वतःच्या दंडातून एक पद्धत उभी केली, आणि तो देशाचा कायदा झाला.

रक्तदानात आणखी एक गुण आहे. देणाऱ्याला माहीत नसतं आपलं रक्त कोणाला चढलं, आणि घेणाऱ्याला माहीत नसतं ते कोणाचं. नावाची पाटी लावायला जागाच नाही. जात, पंथ, भाषा विचारायची सोयच नाही. आज घेणारा उद्या देणारा होऊ शकतो, नव्हे, अनेकदा होतो. नागरिक म्हणून एकमेकांकडे पाहणं याहून वेगळं काय असतं?

पीजीआयच्या दारात आणखी एक जाळं दिसतं. संध्याकाळी तिथे जाऊन उभं राहा. हिमाचल, हरयाणा, काश्मीर, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, सगळीकडून माणसं आलेली असतात. रुग्ण आत खाटेवर, आणि बाहेर त्याच्यासोबत आलेले दोघं-तिघं, प्लास्टिकच्या चटईवर, उशाला एक्स-रेचं पाकीट. तपासणीची तारीख परवाची आहे, गावी जाऊन परत यायला बसभाडं परवडत नाही, म्हणून ते थांबलेत. अशा वेळी लंगरची गाडी येते. रांग लागते. वरण, भात, चपाती, कधी शिरा. वाढणारा नाव विचारत नाही.

या रांगेशी जगदीशलाल आहुजा यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. पेशावरचे आहुजा बारा वर्षांचे असताना फाळणीत इकडे आले. चंडीगडला हातगाडीवर फळं विकली, केळ्यांच्या व्यापारात नाव आणि पैसा कमावला. १९८१ मध्ये मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी सेक्टर २६ च्या मंडईजवळ मुलांना जेवण वाढलं आणि तो लंगर चालूच ठेवला. २००० च्या सुमारास पीजीआयबाहेर रोजचं जेवण सुरू केलं. लोक त्यांना लंगरबाबा म्हणत. पैसा कमी पडू लागला तसे त्यांनी आपले भूखंड विकले. स्वतःला कर्करोग झाला तरी थांबले नाहीत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते गेले. निर्वासित मुलाला भुकेची ओळख होती. ती त्याने श्रीमंतीतही विसरली नाही, याला मी हात जोडतो.

आणि हात जोडूनच एक प्रश्न विचारतो. एका म्हाताऱ्या माणसाला हजारो उपाशी लोकांसाठी आपली मालमत्ता विकावी का लागावी? इतक्या मोठ्या शहरात त्याच्या ओझ्याला लागणारे हात वेळेवर का पोचले नाहीत? एकट्या दात्याचं मन कितीही मोठं असो, त्याचं आयुष्य मोजकं असतं. आज पीजीआयच्या परिसरात अनेक संस्था अन्न देतात, सराया आहेत, गरीब रुग्णांसाठी निधी आहे. पण अशी कामं एकमेकांना विचारून झाली नाहीत, तर एका वेळेला चार गाड्या येतात आणि दुसऱ्या वेळेला एकही येत नाही. जेवण मिळतं, पण औषधाची चिठ्ठी खिशातच राहते. भुकेल्याला अन्न देण्याची पंजाबची परंपरा अजोड आहे. आपल्याकडे नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये बसलेल्या प्रत्येकाने ती अनुभवली आहे. या परंपरेला आता एकमेकांच्या वह्या दाखवण्याची जोड हवी.

घेणाऱ्याला त्या वहीत जागा असणं काय करू शकतं, त्याचा धडा इथून फार दूर नाही. सुखना तलाव आपल्या सगळ्यांच्या फिरण्याची जागा. १९५८ मध्ये सुखना चोअ नावाचा ओढा अडवून तो बांधला आणि काही वर्षांतच तो गाळाने भरू लागला. शहराने श्रमदान केलं. माणसं पाट्या घेऊन कोरड्या तळात उतरली. ते कौतुकाचंच होतं, पण गाळ वरून येत होता, शिवालिकच्या उघड्या पडलेल्या टेकड्यांवरून. मृदसंधारण केंद्राचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा त्या गाळाचा माग काढत सुखोमाजरी या गावी पोचले. गाव गरीब, गुरं टेकडीवर चरणार, नाहीतर जगणार कशावर? शहराचा तलाव वाचावा म्हणून गावाने चराई सोडावी, असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपदेश करणं.

मिश्रांनी सत्तरच्या दशकात तिथे मातीचे छोटे बंधारे बांधले. फोर्ड फाउंडेशनची मदत मिळाली. पाणी शेताला आलं, आणि गावाने स्वतः टेकडीवरची चराई थांबवली. तारेचं कुंपण लागलं नाही. कळीचा निर्णय पाणीवाटपाचा होता : जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा. भूमिहीनाला आपला वाटा विकता येई. ज्याला वाटा मिळाला त्याने टेकडी राखली. गवत वाढलं, दूध वाढलं, सुखनात येणारा गाळ बराच घटला. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तीही याच न्यायाने. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणशी. भूमिहीनालाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. दोन माणसं, दोन प्रांत, एकच शहाणपण.

सुखोमाजरीची पुढची हकिगतही सांगायला हवी. टेकडी हिरवी करून मिळवलेल्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागलेलं ते देशातलं पहिलं गाव ठरलं. सरकारी चौकटीला दोनच गोष्टी ओळखता येतात, सरकार आणि व्यापार. शेजाऱ्यांनी मिळून चालवलेलं काम कोणत्या रकान्यात टाकायचं ते तिला कळत नाही. म्हणून अशा जाळ्यांच्या बाजूने बोलणारे नागरिक लागतात, आणि तेही वर्गणीइतकंच आवश्यक काम आहे.

विखुरलेल्या देणग्या एकमेकांना विचारून कशा वापरायच्या, हा प्रश्न जगातही वेगळ्या रूपात आला होता. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १९१४ मध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने एक सामाईक निधी उभारला. जुनी मृत्युपत्रं त्याने पाहिली होती : पन्नास वर्षांपूर्वीच्या गरजेला बांधलेला पैसा, जो आज कोणाच्याही कामाचा नाही. त्याने सुचवलं की शहरातल्या लहानमोठ्या देणग्या एका ठिकाणी याव्यात आणि त्या त्या काळाची गरज पाहून स्थानिक समितीने त्या वाटाव्यात. मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला तो याच विचाराने. प्रादेशिक निधी म्हणजे दूरच्या मोठ्या दात्याची शाखा नसते. जिथला पैसा, तिथलीच निवड आणि तिथलाच जाब, हे त्याचं बळ.

चंडीगडला याची गरज इतर शहरांपेक्षा अधिक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं, आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायलाही सांगितलं. कारखाने जिथे, पैसा तिथे. महाराष्ट्राकडे त्याचा ओघ आहे. चंडीगड मात्र कचेऱ्यांचं, निवृत्तांचं, डॉक्टर-प्राध्यापकांचं, किरकोळ व्यापाऱ्यांचं शहर. इथे मोठ्या उद्योगाची थैली नाही. इथे आहे ती पेन्शन, वेळ, विद्या आणि परदेशी गेलेली मुलं. पंजाबच्या परदेशस्थांनी काय केलं आहे ते पाहा. बंग्याजवळ ढाहां-कलेरां इथे कॅनडाहून परतलेल्या बुधसिंह ढाहां यांनी गावोगावच्या आणि परदेशातल्या वर्गणीतून रुग्णालय उभारलं, ते १९८४ मध्ये सुरू झालं. आणि गावातल्या हातांनी काय होतं तेही पाहा : काली बेईं नदी संत बलबीरसिंह सीचेवाल यांनी २००० सालापासून कारसेवेने साफ केली. कोणी ट्रॅक्टर आणला, कोणी डिझेल दिलं, कोणी नुसते हात.

आता आपल्याबद्दल बोलू. आपण इथे पाहुणे नाही. सुमारे सातशे वर्षांपूर्वी संत नामदेव याच पंजाबात आले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात सामावली गेली. २०१५ मध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी मराठी पाहुण्यांना ज्या आपुलकीने घरात घेतलं, ते घेणं नामदेवांच्या खात्यावरचं होतं. ते खातं आपण चालू ठेवलं पाहिजे.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, मंडळाच्या वर्गणीतला ठरलेला भाग दरवर्षी पीजीआयमधल्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी बाजूला काढा. तो स्वतंत्रपणे न वाटता तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना आणि आधीच काम करणाऱ्या संस्थांना विचारून वाटा. विदर्भ-मराठवाड्यातून आलेला जवान इथल्या लष्करी छावणीत असतो, त्याचं कुटुंब कधी पीजीआयबाहेरच्या त्या चटईवर सापडेल. पण निधी फक्त मराठी रुग्णांपुरता ठेवू नका. दुसरी, १ ऑक्टोबरला मंडळाचं रक्तदान शिबिर भरवा, आणि नव्या दात्याला घेऊन येणं ही प्रत्येक जुन्या दात्याची जबाबदारी समजा. तिसरी, या निधीचा हिशेब वर्षातून एकदा उघड्या सभेत वाचा. आणि त्या सभेला मदत मिळालेल्या कुटुंबांना, सराईच्या व्यवस्थापकाला, लंगरवाल्यांना, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या कॉलनीतल्या बायकांना बोलवा. त्यांना प्रश्न विचारू द्या. काय चुकतंय हे त्यांना आपल्याआधी कळतं.

पैसा कमी जमेल, याची चिंता करू नका. मूठभर पिठावर कॉलेजं चालली, याचा दाखला मी आत्ताच दिला. चिंता करा ती या गोष्टीची, की वर्गणी देणारा पुढच्या वर्षी हिशेब विचारायला येतो का. तो आला, वाद घातला, चार सूचना केल्या, तर समजा की मंडळ जिवंत आहे आणि त्याच्याभोवतालचं शहरही. निमंत्रणपत्रिकेवरच्या नावांपेक्षा त्या सभेतल्या प्रश्नांची संख्या मला अधिक महत्त्वाची वाटते. ही सभा येत्या वर्षातच भरवावी, तारीख आजच इथे ठरवावी आणि त्या सभेत पहिला प्रश्न विचारायची संधी मदत घेतलेल्या माणसाला द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.